मागच्या बाकावरचे गुल्हाने सर

गुल्हाने सर दुसऱ्याच्या तासाला यायचे ते मागच्या दाराने, आणि बसायचे शेवटच्या बाकावर. बाक पोरांच्या मापाचा आणि सर चांगले उंचेपुरे, त्यामुळे गुडघे पार छातीशी यायचे. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या शाळेत मी नुकताच लागलो होतो आणि माझ्या पहिल्याच तासाला हे मुख्याध्यापक तसे अवघडून बसून लवंग चघळत होते. तास आपल्या मते झकास झाला होता. आता पाठ थोपटली जाणार या आशेने मी जवळ गेलो, तर त्यांनी विचारलं, "मास्तर, पोट्टे कुठं सुटले?"

मला प्रश्नच कळला नाही. सर म्हणाले, "तिसरं उदाहरन आलं अन् अर्धे पोट्टे गाडीतून उतरले. पुढं तुमी एकटेच हाकत होते. दिसलं नाई काय तुमाले?" मला दिसलं नव्हतं. नोकरी सोडून बार्शीटाकळीला घरी जावं असं मनात आलं, पण घरी काय सांगणार, म्हणून राहिलो.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही सगळे मास्तर पाचवीच्या वर्गात जमायचो. त्या आठवड्यात ज्याच्या तासाला बाकीचे मागे बसले असतील, त्याच्याबद्दल बोलणं व्हायचं. तिथे 'छान' म्हणायला बंदी होती. म्हणणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा. पहिल्या महिन्यात माझ्यामुळे मंडळींनी पुष्कळ चहा प्यायला. सरांचं म्हणणं असं, की साहेब तपासणीला येतो, मास्तरला तोलतो आणि जातो, चुकीचा धडा मात्र चुकीच्या जागीच राहतो. "मास्तर अडखळला तर आदी धडा पाहा," ते सांगायचे. "एकट्याची चूक नसते ते." म्हणून त्याच बैठकीत पुढच्या वर्षी काय आधी शिकवायचं, काय मागे ढकलायचं, हेही ठरायचं. पुस्तक बदलणं आमच्या हातात नव्हतं, पण क्रम आणि रीत आमच्या हातात होती, आणि तेवढ्यावर सर खूश असत.

अशात नवे पैसे आले आणि पाठोपाठ किलो-मीटर आले. आमची सगळ्यांची हयात आणे-पै आणि मण-शेरांत गेलेली. पाचवीचं गणित वानखडे मास्तरांकडे होतं. ते हिवरखेडचे, हंगामी लागलेले, घरात खाणारी तोंडं बरीच. एका शनिवारी ते उभे राहिले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "सर, दशांश मलेच बसला नाई अजून. पोट्ट्यायले काय सांगू?"

कोणी हसलं नाही. असं बोलायला किती छाती लागते ते आम्हाला ठाऊक होतं. त्या बैठकीत दशांशाचा धडा जूनमधून दिवाळीनंतर ढकलला गेला. भूगोलाच्या मास्तरांनी आपले काही तास देऊ केले, चित्रकलेच्या मास्तरांनी पुठ्ठ्याच्या मीटरपट्ट्या कापल्या, आणि आधी आम्ही स्वतःच एकमेकांकडून दशांश शिकलो. वानखडे सगळ्यांत मेहनतीने शिकले. उन्हाळ्याआधी पाचवीची पोरं भाजीबाजारात आईच्या आधी हिशेब सांगू लागली होती, आणि सर लवंग न चघळताच हसत होते.

ते हसूच नडलं. संस्थेचे चिटणीस, पेशाने वकील, वर्षअखेरच्या भेटीला आले. आपली बैठक काय करते हे दाखवायला सरांनी त्यांना हा सगळा प्रकार अभिमानाने सांगितला, वानखडेंचं नाव घेऊन आणि त्यांचं वाक्य जसंच्या तसं सांगून. अशा मास्तरामुळे शाळा सुधारते, असं सरांना म्हणायचं होतं. वकीलसाहेबांनी मान डोलावली, चहा घेतला आणि गेले. नव्या वर्षी वानखडेंची नेमणूक झाली नाही. ज्याला स्वतःला गणित येत नाही त्याला पाचवी कशी द्यायची, असं कारण सांगितलं गेलं. वर हुकूम आला, की शनिवारच्या बैठकीतले शेरे दरमहा कार्यालयाकडे पाठवावेत.

सरांनी वकीलसाहेबांचे उंबरठे झिजवले. उपयोग झाला नाही. मग ते हिवरखेडला गेले, सोबत मला घेऊन. वानखडे दुसऱ्याच्या मळ्यात वांगी तोडत होते. सरांनी हात जोडले तसे ते ओशाळले, धोतराला हात पुसत म्हणाले, "तुमी खोटं काय बोलले, सर? मीच बोललो होतो ना. आता नाई बोलत." आम्हाला टोपलीभर वांगी बळेच दिली. परतीच्या मोटारीत सर ती टोपली अकोला येईपर्यंत मांडीवर घेऊन बसले होते.

बैठक बंद पडली नाही, ती पडली असती तर बरं झालं असतं. दर शनिवारी आम्ही जमायचो आणि प्रत्येकाचा प्रत्येक तास छान झालेला असायचा. चहाचा दंड कुणाला आठवत नव्हता. सर विचारायचे, पोट्टे कुठं सुटले, आणि आम्ही खिडकीबाहेर बघायचो. शेरे लिहून न्यायला कारकून दाराशी कागद घेऊन उभा असायचा. दोन पावसाळ्यांत दशांश पुन्हा जूनमध्ये गेला आणि पाचवीची पोरं पुन्हा गाडीतून उतरू लागली. हे सगळ्यांना दिसत होतं, सांगत कोणी नव्हतं. आयुष्यात एवढी लाज मला दुसरी कशाची वाटली नाही.

पुढे मी अमरावतीच्या शाळेत गेलो. निवृत्तीनंतर सरही तिथे लेकीकडे राहायला आले. खूप वाळले होते. एकदा मी त्यांना हट्टाने माझ्या वर्गात नेलं. ते मागच्या दाराने आले, शेवटच्या बाकावर बसले. तास साफ फसला. निम्मी पोरं मधेच हरवली, ते मला स्पष्ट दिसत होतं. एवढं पाहायला मी ज्यांच्याकडून शिकलो, ते समोर बसले होते. मुलं गेल्यावर मी जवळ जाऊन बसलो आणि विचारलं, "सर, पोट्टे कुठं सुटले?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान वळवून दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"छान झाला तास," ते म्हणाले, आणि बाकाला धरून सावकाश उठले.

त्याच हिवाळ्यात ते गेले.