एका हाताने बदलायचं टूल

आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीपलीकडे फारसं लिहिलेलं नाही. त्यामुळे हे लिहायला बसलोय याचाच संकोच वाटतो, आणि वाचणाऱ्यांची आधीच माफी मागतो. त्यातून मी सांगणार आहे त्यात माझ्या हातून झालेलं असं थोडंच आहे. बराचसा वेळ मी नुसता उभा होतो.

पेणला आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये लोखंड कातायचा बाबांचा छोटा लेथ आहे. रोह्याच्या एका कंपनीचा ठेकेदार त्यांच्याकडून ट्रॉलीच्या पिना करून घ्यायचा. वडखळच्या नाक्यावर बाबा मोटरसायकलवरून पडले आणि डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण बोटांत पकड आली नाही. ठेकेदार घरी आला, चहा घेतला आणि बाबांच्या हाताकडे न बघता म्हणाला, "शिमगा झाला की नमुन्याच्या पिना करून दाखवा. जमलं तर काम तुमचंच."

मशीनची चाकं बाबा उजव्या हाताने फिरवत. अडायचं ते धातू कापणारं टूल बदलताना. एका पिनेला तीन टूलं लागतात, आणि प्रत्येकाचं टोक जॉबच्या, म्हणजे फिरणाऱ्या सळईच्या, बरोबर मध्यावर यावं लागतं. त्यासाठी टूलखाली हॅकसॉच्या मोडक्या पात्यांचे तुकडे सरकवायचे, एका हाताने ते धरायचे आणि दुसऱ्या हाताने बोल्ट आवळायचे. बाबांच्या हातून तुकडे पडत. ते वाकून उचलत, पुन्हा ठेवत, पुन्हा पडत. शिवीही देत नसत.

मी मेकॅनिकलला शिकतो. टूल पकडून ठेवणारी आणि ते झटकन बदलू देणारी टूल पोस्ट आमच्या लेथच्या मापाची मिळेना, म्हणून घरीच करायची ठरवली. मधे पोलादी ठोकळा, त्याच्या अंगाला तिरक्या कडांची उभी खाच. प्रत्येक टूल आपापल्या धारकात कायमचं बसवलेलं, उंची एकदाच लावलेली. धारक वरून खाचेत सरकवायचा आणि दांडा फिरवायचा. एका हाताचं काम.

बाबांनी माझं ड्रॉइंग उलटसुलट फिरवून बघितलं. "खाच कोन पाडणार? तुझं कालेज?"

"कानशीने करतो."

"कर. तोवर माझा हात पण बरा होईल."

कानशीने केलेल्या खाचेत धारक डुलायला लागला. तसं टूल जॉबला टेकवलं तर थरथरणार, हे मलाही कळत होतं. ही खाच लोखंड तासणाऱ्या शेपर मशीनवरच पाडावी लागते, आणि पेणमध्ये आमच्या ओळखीत शेपर उरला नव्हता. रोह्याला एका काकांकडे आहे असं कळलं. नवा ठोकळा आणि एक धारक पिशवीत घालून गाडीने गेलो. कशाला पाहिजे, त्यांनी विचारलं. मी सगळंच सांगितलं. ते म्हणाले, "ठेवून जा. आठवड्यानं ये."

आठवड्याने गेलो तर वर्कशॉपला कुलूप. खिडकीच्या जाळीतून माझा ठोकळा दिसत होता, शेपरमध्ये घट्ट पकडलेला. खाचेची एक कड तिरकी झालेली, दुसरी अजून सरळ. शेजारचा चहावाला म्हणाला, "ते गावाला. शिमगा हाय ना." फोन लागेना. त्याला गावाचं नाव विचारलं आणि कोलाडच्या पुढे त्या गावात जाऊन पोचलो.

एका अंगणात पालखी आली होती. काका पालखीच्या खांद्याला, गुलालाने लाल. मला बघून म्हणाले, "तुझा ठोकळा लक्षात हाय माझ्या."

"काका, चावी दिलीत तर..."

"घे ना चावी. शेपर चालवता येतो काय तुला?"

कॉलेजमधल्या शेपरची आम्ही फक्त आकृती काढली होती.

"आमच्या घराचा खांदा हाय, पोरा. देव सगळी घरं फिरून देवळात बसल्याबिगर मला निघता येत नाय."

त्यांच्या आईने मला हाताला धरून बसवलं. "उपाशी नको जाऊस रे. तुझ्या ठोकळ्याला काय भूक लागत नाय." मी पुरणपोळी खाल्ली. कुणावर रागावायचं ते कळत नव्हतं.

घरी आलो तर शेडमध्ये दिवा होता. आई पात्यांचे तुकडे धरून उभी, बाबा बोल्ट आवळत होते.

"टोक वर आलं. एक काढ."

"कंचा काढू? सगळे सारखेच दिसतात."

"पातळ असेल तो."

"भाकरी थापताना मी कधी असं माप विचारलं काय तुम्हाला?"

बाबा हसले. असं करत करत नमुन्याच्या पिना झाल्या. बाबांनी स्वतः नेऊन दिल्या. ठेकेदार म्हणाला, बघून कळवतो.

मग वाट बघणं सुरू झालं. बाबा रोज मशीन पुसत, तेल घालत. ठेकेदाराचं नाव काढत नसत. मलाच विचारत, "खाच झाली काय?"

एका दुपारी काकांचा फोन आला. "पोरा, झाला तुझा ठोकळा. धारक बसवून बघितला, जरा पण हलत नाय. येऊन घेऊन जा."

मी बरं म्हणालो. त्यांनी फोन ठेवला नाही.

"तुझे बाबा त्या ट्रॉलीच्या पिना करतात म्हणालास ना?"

"व्हय."

"आमच्या बाजूला एक सीएनसीवाला हाय, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवाला. आज त्याच्याकडं चहाला गेलो, तर तुमच्या त्याच ठेकेदाराच्या त्याच पिना. पेट्याच्या पेट्या भरलेल्या. मी विचारलं, कधीपासून. तर म्हणाला, शिमग्याच्या लय आधीपासून."