शत्रुघ्नदादाच्या अंगचा वास

जावईबापूंनी शर्ट मागितला आणि शत्रुघ्नदादाने तो काढून दिला. एवढंच झालं. पण मला त्याचा राग आला, अजून येतो. आणि कुणावर काढू तेही कळत नाही, म्हणून सांगून टाकतो.

मी गफूर, दापोलीकडचा. इथे आखातात, राई नावाच्या भागातल्या गोदामातून लसूणघासाच्या चाऱ्याच्या पेंड्या ट्रकमध्ये भरायच्या आणि वाळवंटातल्या शेतांवर टाकायच्या, हेच करतोय चौदा वर्षं. इथे शेत म्हणजे काय, तर वाळूला कुंपण, एक बंगला, एक टाकी. कबदच्या अशाच एका शेतावर मालकाने हौसेने अकरा हरणं पाळलीत. त्यांचा राखणदार शत्रुघ्नदादा, मंडणगडचा. बावन्न वर्षांचा माणूस, पण चालताना सत्तरीचा वाटतो. बोलणं कमी. "दमलो रे गफूर," हे मात्र रोजचं.

हरणं भारी भित्री. माझा ट्रक वळला की पार पलीकडच्या कुंपणाला जाऊन चिकटायची. दादा गेला की अंगाला अंग घासत यायची. त्यातला बंड्या नर तर त्याच्या हातचाच. आई बाळंतपणात मेली, तेव्हा दादाने त्याला बाटलीने दूध पाजलं, थंडीत आपल्या खोलीत निजवलं. आता ही एवढी शिंगं आली होती, तरी दादाच्या काखेत तोंड खुपसायचा. मी चिडवायचो, "दादा, वहिनीला कळवू का?" तेवढ्यापुरता हसायचा बिचारा.

मुक्तावहिनीचं पोटाचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं, दादाला सुट्टी मिळेना म्हणून. चार वर्षं घर पाहिलं नव्हतं त्याने. या खेपेला मालक हो म्हणाला. तिकीट पुढच्या गुरुवारचं, पासपोर्ट मालकाच्या कपाटात.

आणि नेमका त्याच आठवड्यात मालकाचा जावई आला. परदेशात जाऊन हरणं मारायचा नाद त्याला. मालकाने लाडाने सांगितलं, यातला मोठा नर तुझा. म्हणजे बंड्या.

जावयाची तयारी बघाल तर थक्क व्हाल. बिनवासाचा साबण, बंद पिशवीत ठेवलेले कपडे, माणसाचा वास झाकायला फवारे. एक ओल्या पाल्याचा, एक पाइनच्या झाडाचा. आंघोळ केली, फवारे मारले आणि कुंपणात शिरला. हरणं पसार! अहो, वाळूत जन्मलेल्या जनावराला ओला पाला काय माहीत? तीन दिवस हाच तमाशा. कुंपणातल्या हरणाला लांबून गोळी घालणं त्याला कमीपणाचं वाटायचं. वीस पावलांवर जाऊनच मारायचं, असा त्याचा हट्ट.

चौथ्या दिवशी त्याने दादाला हरणांमध्ये बसलेलं पाहिलं. म्हणाला, "तुझा शर्ट दे. धुतलेला नको, हाच."

दादा मालकाकडे गेला. हात जोडून म्हणाला, "बाबा, दुसरा कुठलाही घ्या. याला मी वाढवलाय." मालक ओरडला वगैरे नाही. शांतपणे म्हणाला, "हरीण माझं आहे, शत्रुघ्न. आणि तुला गुरुवारी जायचंय ना?"

दादाने बटणं सोडली.

बंड्या आपणहून चालत आला म्हणे. मान पुढे करून, हुंगत, थेट जावयाच्या अंगातल्या त्या शर्टाजवळ. गोळी सुटली तेव्हा वीस पावलंसुद्धा राहिली नव्हती. दादा बनियनवर टाकीपाशी उभा होता. हाक मारली असती तर बंड्या वळला असता. त्याने हाक मारली नाही.

हे मला बुधवारी कळलं, चारा घेऊन गेलो तेव्हा. मी उसळलोच. "अरे, शर्ट पाण्यात बुचकळायचास! दुसऱ्याचा द्यायचास! एवढी अक्कल नव्हती?"

"सुचलं होतं," तो म्हणाला. "सगळं सुचलं होतं रे. पण मुक्ताला आणखी किती थांबवू?"

मी ट्रकची फळी उघडली. म्हटलं, चल, पेंड्या उतरवू.

"तू एकटाच आत जा," तो म्हणाला. "मी गेलो की पळतात. तीन दिवस झाले, माझ्या हातचं खात नाहीत. दोनदा आंघोळ केली, नवे कपडे घातले, जावयाचा उरलेला साबणसुद्धा लावून बघितला. त्यांना कळतंच."

मी पेंडी खांद्यावर घेऊन आत गेलो. मला बघून पार कोपऱ्यात पळणारी ती हरणं, भुकेने की कशाने, माझ्यापाशी आली. दहाच्या दहा. मला लाज वाटली. मागे वळून पाहिलं तर दादा कुंपणाबाहेर उभा राहून मूठभर वाळू हातातून सोडत होता, ती कुठे उडते ते बघत.

"वारा त्यांच्याकडून इकडे आहे," तो म्हणाला. "मग बसतो थोडा वेळ इथे. खाताना बघतो."