छत्रीपुढचा हात

आधीच सांगते, भूतखेत, करणी वगैरेंशी माझं कधी जमलं नाही. सगळी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. स्टाफरूमच्या दाराला कुणीतरी बांधलेलं लिंबू-मिरची मी स्टुलावर चढून काढलं होतं आणि त्यातलं लिंबू डब्यातल्या वरणावर पिळलं होतं... त्यामुळे इथे लिहायची थोडी लाजच वाटते आहे. पण दादा आता नाही, आणि ही गोष्ट माझ्याशिवाय कुणाला पूर्ण माहीत नाही.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. लकडगंजात त्याचं घर — खाली टीव्ही दुरुस्तीचं दुकान, वर तो आणि वहिनी, त्यावर गच्ची. लोकांनी काढून टाकलेल्या टीव्हीच्या छत्र्या, म्हणजे डिश, दुकानात पडून असायच्या. त्यातली एक त्याने गच्चीवर बसवली आणि सूर्याचा नाद लावून घेतला. सूर्याकडून उजेडाबरोबर रेडिओ लहरीही येतात, त्या छत्री पकडते. दुपारी बाराच्या सुमारास सूर्य आपणहून तिच्यासमोरून जातो, आणि खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर सरळ चाललेली रेघ टेकडीसारखी वर जाऊन खाली येते. रोज एक टेकडी. दादा ती वहीत मांडून ठेवायचा, नऊ वर्षं, न चुकता.

त्याआधी, अकरा चाळीसला, एक काम हाताने करावं लागे. छत्रीच्या दांडीवर जो छोटा डबा असतो, त्याच्या तोंडापुढे तळहात धरायचा. आपल्या अंगातूनही बारीकशा रेडिओ लहरी निघत असतात, त्यामुळे रेघ एक पायरी वर चढते. त्या पायरीशी ताडून टेकडीची उंची मोजायची. तीनदा हात, दर वेळी तीसपर्यंत आकडे. पायऱ्या नसतील तर दादाच्या हिशेबाने त्या दिवशीचा खाडा.

मी गेले की हात कधी मी धरायची, कधी तो. मी शिस्तीची, तीस म्हणजे तीस. दादाचं तिसऱ्या वेळी हमखास बिनसायचं. तोवर त्याला कुठल्या तरी गिऱ्हाइकाची गंमत आठवायची, तो सांगत सुटायचा आणि हात तिथेच. त्याची तिसरी पायरी नेहमी दुप्पट लांब. मी चिडवायची, तो हसायचा. रविवारी सगळं आटपलं की खाली वहिनीचा गोळाभात.

एका मे महिन्यात त्याचं बायपास ठरलं. धंतोलीतलं हॉस्पिटल. आदल्या संध्याकाळी छातीपेक्षा त्याला वहीची काळजी. गच्चीची किल्ली माझ्या हातात दिली.

"खाडा पडू देऊ नको वं," म्हणाला. "तेवढं एक कर माह्यासाठी."

मी कबूल केलं.

सकाळी त्याला आत नेलं. साडेदहाला मी खाली येऊन ऑटोत बसलेसुद्धा... पण पाय निघेना. वर बाकावर वहिनी एकटी होती. मी उतरले आणि तिच्याजवळ जाऊन बसले. अकरा चाळीस झाले, बारा झाले. दादा शुद्धीवर आला की पहिलं हेच विचारणार आणि त्याला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात फिरत होतं.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी मी दादाच्या घरी गेले ती कॉम्प्युटर बंद करायला. सकाळी तो आपोआप सुरू व्हायचा. टेकडी आली होती. आणि तिच्याआधी, बरोबर अकरा चाळीसला — तीन पायऱ्या. पहिल्या दोन सारख्या. तिसरी लांब.

घरात कुणी नव्हतं. गच्चीला कुलूप तसंच, किल्ली माझ्या पर्समध्ये. कबूतर बसलं असेल, माकड आलं असेल, उन्हाने वायर तापली असेल — सगळं मनात येऊन गेलं. पुढे मी वायर हलवून पाहिली, ज्वारी टाकून कबुतरं बसवली. रेघ थरथरली, पण तशा पायऱ्या काही होईनात. डॉक्टरांनी आधी समजावलं होतं की ऑपरेशनमध्ये काही वेळ हृदय थांबवून काम मशीनवर घेतात. दादाचं नेमकं किती वाजता थांबवलं, ते मी विचारलं नाही. मी, विज्ञानाची बाई... हिंमतच झाली नाही.

चौथ्या दिवशी त्या रेघेचा कागद त्याच्यासमोर धरला.

"हे काय दाखवून राहिली वं?" त्याने चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं. "माहा हात होय हा. तू कुठी होती तवा?"

"इथेच. बाहेर, वहिनीजवळ."

मी सोबत नेलेली वही त्याने मागून घेतली, त्या तारखेपुढे सही केली आणि मिटून उशीखाली ठेवली. नंतर चार वर्षं तो चांगला जगला. हा विषय त्याने कधी काढला नाही, मीही नाही.

गेल्या थंडीत दादा गेला. घरीच, झोपेत. मी तेरा दिवस तिथे राहिले आणि डब्यापुढे एकदाही हात धरला नाही. सुतक आहे, असं वहिनीला सांगितलं. खरं तर गच्चीला बाहेरून कुलूप घालून मी रोज साडेअकरापासून कॉम्प्युटरसमोर बसत होते.

अकरा चाळीसला रेघ सरळ जायची. बाराच्या सुमारास सूर्य आपल्या वेळेवर यायचा आणि जायचा. रोज तेच.

त्या मे महिन्यात काय झालं, ते मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी ऐकेन. पण त्याहून जास्त मला हे तेरा दिवस छळतात. आयुष्यात पहिल्यांदा माझा अशा गोष्टीवर पूर्ण विश्वास बसला होता, आणि मी वाट पाहत होते. दादा आला नाही.