लाल रिबिनीकडे पाहताना

ज्या मुलाच्या प्रेमापायी माझं कॉलेज बंद व्हायची पाळी आली, त्याला मी आजवर एकदाही भेटलेले नाही. हे मी घरात तीनदा सांगितलं. कोणाचा विश्वास बसला नाही, आणि त्यांच्या जागी मी असते तर माझाही बसला नसता.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वर्ध्याला मुलींच्या होस्टेलात राहायचे आणि शनिवारी एसटीनं रोहण्याला घरी यायचे. आमच्या कॉलेजातल्या एकानं प्रेमाचं गाणं लिहिलं, दुसऱ्यानं ते गायलं आणि लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका कॅमेरावाल्यानं त्याचा व्हिडिओ करायचं कबूल केलं. हिरो सिंदी गावचा मिळाला. हिरोइन काही मिळेना. मी तयार झाले, पण अट घातली की मुलासोबत एका फ्रेममध्ये उभी राहणार नाही. मोठीच अक्कल चालवली असं तेव्हा मला वाटलं होतं.

"थे त आमच्या डाव्या हातचा मळ हाय," कॅमेरावाला म्हणाला. "तू आज उजवीकडे पाय. थो पुढच्या रविवारी येऊन डावीकडे पाहीन. गाठ लोकं आपल्या मनानंच मारतात."

धरणाच्या सिमेंटच्या भिंतीवर मला उभं केलं. माझी ओढणी उडावी म्हणून गाणाऱ्यानं बाजूला बसून पुठ्ठा हलवला. हिरोच्या उंचीवर नजर राहावी म्हणून एका काठीला वर लाल रिबीन बांधली आणि ती काठी गाणं लिहिणाऱ्याच्या हातात दिली, कारण तोच एकटा रिकामा होता. मी रिबिनीकडे पाहायचं, मग पापण्या खाली, मग हळूच पुन्हा वर. कॅमेरावाल्यानं ते संथ करून लावलं. डोळ्यात कचरा गेला तरी संथ केल्यावर माणूस लाजतोय असंच वाटतं. शेवटी ड्रोन उडवून वरून एक मोठा शॉट घेतला आणि आम्ही भजी खाऊन परत आलो.

पुढे तो व्हिडिओ मोबाईलवर आला. माझे डोळे वर उठायचे आणि लगेच त्या सिंदीच्या मुलाचा चेहरा यायचा, हसणारा. पुन्हा मी, पुन्हा तो. मीसुद्धा पाहताना क्षणभर फसले. म्हटलं, या दोघांचं काही खरं नाही.

तीन आठवड्यांनी गावातल्या कोणीतरी ते गाणं स्टेटसला ठेवलं. त्या शनिवारी मी घरी पोचले तर आईनं पाण्याचा गडवा हातात दिला आणि ती माझ्याकडे न पाहता आत निघून गेली. बाबा खाटेवर बसले होते. त्यांनी माझं गाणं माझ्यासमोर लावलं, पूर्ण पाहिलं आणि विचारलं, "हा पोरगा कोण व्हय?"

"मले नाई माहीत बाबा. मी त्याले पाह्यलंच नाई कधी."

बाबांनी पुन्हा लावलं. बोलले काहीच नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. माझे बाबा ओरडतात तेव्हा मी घाबरत नाही, गप्प बसतात तेव्हा माझे हातपाय गार पडतात. रात्री आईनं भाकर वाढता वाढता एवढंच सांगितलं, "सोमवारी जाऊ नको म्हणतात. पुढचं पाहू म्हणतात."

पुढचं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. माझ्या दोन मैत्रिणींचं 'पुढचं' दहावीनंतरच पाहून झालं होतं.

पण त्याहून वाईट गोष्ट अंगणातून ऐकू आली. मोठ्या बाबांची, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची, दोन्ही मुलं आली होती. व्हिडिओखालच्या नावांतून त्यांनी हिरोचं आडनाव काढलं होतं, आणि आडनावावरून जे काढायचं तेही. "सोमवारी सिंदीले जातो काका," मोठा म्हणाला. "समजावून येतो त्याले." समजावणं म्हणजे काय असतं हेही मला माहीत होतं. ज्याचा आवाजही मी ऐकला नव्हता, तो मुलगा माझ्या पापण्यांमुळे मार खाणार होता. त्या रात्री मला डोळा मिटायचीही भीती वाटत होती.

सकाळी मला सुचलं. बाबा शेतात निघाले होते. मी गोठ्याच्या खांबाला लाल चिंधी बांधली आणि म्हटलं, "बाबा, फक्त त्या चिंधीकडे पाहा. तुमची आण, मग तुम्ही म्हणाल थे ऐकतो." ते चिडले, पण थांबले. मी त्यांचा चेहरा मोबाईलवर घेतला. दुपारी ते परत आल्यावर ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या आईला घेतलं. तिच्या समोर खांब नव्हता, म्हणून आंबे पाडायच्या काठीला चिंधी बांधून ती मी बाबांच्याच हातात दिली. "आई, चिंधीकडे पाय. मग खाली पाय. मग परत वर."

दोन्ही तुकडे जोडले, थोडे संथ केले आणि खाली तेच गाणं लावलं.

बाबांनी पाहिलं. सकाळचे बाबा, दुपारची आई, मध्ये अख्खं ऊन आणि तरी दोघं एकमेकांकडे पाहत होते. आई पदर तोंडावर घेऊन हसली. मी लग्नाच्या वयाची झाले तरी तिला बाबांकडे असं पाहताना कधी पाहिलं नव्हतं.

"पाह्यलं?" मी म्हटलं. "तुम्ही त खांबाकडे पाहून राह्यले होते. कोणी कोणाकडे पाह्यत नाई यात. मी बी काठीकडेच पाहून राह्यली होती."

बाबांनी तो तुकडा पुन्हा लावून पाहिला. मग म्हणाले, "मायं खरं हाय. मी खांबाकडेच पाह्यलं." आणि आईकडे वळून, "अन् तू?"

आई पुन्हा तांदूळ निवडायला लागली होती. तिनं मान वर केली नाही. "मले कुठची चिंधी दिसते एवढ्या उन्हात," ती म्हणाली. "काठी तुमच्याच हातात होती नं."

बाबा गप्प झाले. आणि त्या गप्प बसण्यात मला कळलं की आता काय येणार आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुया वक्ताले काठी कोनं धरली होती?"

काठी गाणं लिहिणाऱ्यानं धरली होती. रिबीन त्याच्या डोक्याच्या चार बोटं वर होती. पहिल्यांदा मी रिबिनीकडेच पाहिलं होतं. नंतरच्या वेळी नजर चार बोटं खाली घसरली, आणि कॅमेरावाला म्हणाला होता, "हेच ठेवतो, मस्त आलं."

"कोणी नाई," मी म्हटलं. "जमिनीत खोचली होती."

बाबांनी माझा व्हिडिओ पुन्हा लावला आणि ड्रोनच्या शॉटवर थांबवला. मी मुंगीएवढी दिसत होते आणि माझ्या चारी बाजूंना धरणाची पांढरी भिंत.

"सिमिटात?"

मी आईजवळ बसून तांदूळ निवडायला लागले. त्यांनी पुतण्याला फोन लावला. "सिंदीले जाऊ नका. त्या पोराचा काही संबंध नाई," म्हणाले आणि फोन ठेवला. मला हायसं वाटायला हवं होतं.

मग उठून त्यांनी काठीची चिंधी सोडली आणि काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"कॉलेजले जाजो उद्या," ते म्हणाले. "मी येतो संग."

आजवर ते मला सोडायला गावच्या स्टँडच्या पलीकडे कधी आले नव्हते.