साड्यांच्या गोडाउनमधला पंख

माणूस साड्या विकतो तोवर त्याला कुणी काही विचारत नाही. गोडाउनच्या कोपऱ्यात विमान बांधायला घेतलं, की सल्ला द्यायला अख्खी सुरत येते आणि किस्से आपोआप साठतात!

विमान दोन सीटचं. नकाशे मागवलेले, बाकी शिक्षण व्हिडिओ बघून. जोडीला कतारगामचे भरतभाई, हिऱ्याचे व्यापारी. घरून परवानगी मिळाली ती सौ.च्या अटीवर. "तपासणीच्या साहेबांनी पंख पास केले तर उडा. नाही केले, तर त्याच दिवशी भंगारवाला बोलवीन!"

*

टेम्पोतून अॅल्युमिनियमचे पत्रे उतरले तेव्हा शेजारचे काका आले.

"स्लायडिंग खिडक्या का?"

"नाही काका, विमान."

काकांनी डोळा मारला. "नका सांगू! पण भाव काय लावाल? मला बाल्कनीची करायचीय."

अजून विचारतात.

*

पंखाच्या आत पत्र्याच्या फासळ्या असतात. साच्यावर ठोकून त्यांच्या कडा वळवायच्या. मी पडलो साडीवाला. एक डिझाइन जमलं की अख्खा लॉट तसाच! सगळ्या कडा एकाच बाजूला वळवल्या. मग कळलं, उजव्या पंखाला उलट्या लागतात. माझ्याकडे दोन डावे पंख तयार!

भरतभाई म्हणाले, "टेन्शन नको, शेठ. आता चुकून दोन उजवे करा. विमानं दोन होतील!"

*

फासळ्या घासायचं काम भरतभाईंनी मागून घेतलं. डोळ्याला भिंग लावून एकेक अशी चमकवली, की तिच्यात बघून दाढी करावी. पण गुळगुळीत पत्र्यावर प्राइमर धरत नाही. मी खरखरीत पॅड घेऊन त्या चमकेवर चरे पाडायला लागलो.

"अरे, शुं करो छो!"

वर हिरवट प्राइमर मारला. तेव्हा ते चप्पल घालून निघालेच. दारातून म्हणाले, "हिऱ्याला ऑइलपेंट मारणारा माणूस आज पाहिला!"

*

कापलेल्या पत्र्याच्या कडेला बारीक कुसं राहतात. ती काढली नाहीत तर पुढे तिथूनच चीर जाते. लोक बोट फिरवून बघतात. सौ. जॉर्जेटचा तुकडा फिरवायची. धागा अडकला की फासळी परत!

मी वैतागलो. "अगं, गिऱ्हाईक साडीसुद्धा एवढी तपासत नाही."

"गिऱ्हाईक साडी नेसून ढगात जात नाही."

*

साहेब म्हणजे रिटायर झालेले विमान-इंजिनिअर. डावा पंख त्यांनी उघडा असताना पाहिला होता. आता रिव्हेट मारून बंद झालेला बघायचा होता. त्यांचा नियम एकच, आत सुटं काही नको. कंट्रोलच्या दांडीत अडकलं की संपलं!

आम्ही पंख उचलून तिरका केला.

खळ्.

पुन्हा केला. खळ्, खळ्, खळ्.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. माझ्या डोळ्यांपुढे भंगारवाल्याची हातगाडी!

त्यांनी तपासणीचं झाकण उघडून आत हात घातला. हळदकुंकू लावलेली सुपारी! मी सौ.कडे पाहिलं. मग दुसरी निघाली. मग तिसरी.

सौ. घाबरली की अहिराणीवर येते. "मन्ही ते एकच शे!"

भरतभाईंना अचानक फोन आला. मी छताकडे बघत होतो.

साहेबांनी तिन्ही सुपाऱ्या माझ्या हातात दिल्या. पंख पुन्हा हलवून पाहिला. आवाज नाही. सही केली. मग चष्मा पुसत विचारलं, "उजवा कधी बंद करताय?"

"पुढच्या महिन्यात, साहेब."

"आदल्या दिवशी कळवा. आमच्या घरच्यांना घेऊन येतो. त्यांचीही एक सुपारी असेल, पण चिकटवून!"