निमगाव सावाची एक बाटली

गाडीच्या सीटखाली काय काय साठतं ते ड्रायव्हरलाच माहीत. एकच कानातलं, पोराचा मोजा, अर्धा बिस्किटपुडा. कुणी मुद्दाम ठेवत नाही, पण एक दिवस सीट उचलावी तर ही घाण! किश्श्यांचं तसंच आहे. मी नारायणगावात सात-आठ वर्षं पारसशेठचा ‘बंगला’ चालवला. बंगला म्हणजे गाडीच. आत पलंग, शेगडी, फ्रिज, आणि खिडकीतून पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना दाखवायला द्राक्षाच्या बागा. मित्र जमले की म्हणतात, "दत्तू, बंगल्याचं सांग की राव!" मी हसवायला म्हणून सुरू करतो. हल्ली अर्ध्यात माझंच तोंड कडू होतं, पण सांगतो.

*

पारसशेठ नारायणगावचे व्यापारी. आजोबा राजस्थानातून आले, शेठ मात्र भांडायला लागले की आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलणार. जैन माणूस, कांदासुद्धा खात नाही, वाइन तर लांबच. पण एकदा मेव्हण्याकडे परदेशी गेले आणि तिथल्या समुद्रकाठच्या वाइनच्या मुलखात आठवडाभर गाडीतल्या घरातून फिरून आले. आल्यावर दिसेल त्याला धरून सांगायचे, "अरे, सकाळी उठलं की एका खिडकीत द्राक्षं, दुसऱ्या खिडकीत समुद्र! आपल्याकडं काय कमी आहे?"

मी म्हणालो, "शेठ, समुद्र."

"तू ड्रायव्हर आहेस ना? मग स्टिअरिंग बघ!"

गाडी बांधायला दिली ट्रकची बॉडी बांधणाऱ्या मिस्त्रीकडे. त्यानं आयुष्यात ऊस आणि कांदा सोडून कशासाठी बॉडी बांधली नव्हती. पलंग असा केला की त्यावर चार टन माल बसावा. आत संडाससुद्धा केला, टाइल्स लावून! फक्त खाली टाकी बसवायची राहून गेली. पहिल्याच फेरीत, जुन्नरच्या बाजारपेठेत, ते सगळ्यात आधी आमच्या मागच्या स्कूटरवाल्याला कळलं.

*

पांढरी गाडी, पांढरे पडदे. निमगाव सावाला, म्हणजे माझ्याच गावाला, ती पहिल्यांदा नेली. पाहुण्यांनी देवळासमोर खुर्च्या मांडून बाटली उघडेपर्यंत गावातली दहा-बारा म्हातारी माणसं ओळीनं येऊन बसली. एक पाहुणे ग्लास उन्हाकडं धरून वाइनचा रंग बघत होते. रांगेतली पहिली आजी त्यांच्यासमोर खुर्चीत बसली, मान मागं टाकली, दोन बोटांनी डोळा फाकवला आणि म्हणाली, "घाला थेंब, डाक्टर!"

मी तिला समजावलं की हे डोळ्यांचं शिबिर नाही. आजी उठली, ज्या डोळ्यानं दिसत होतं त्यानं गाडी मागं-पुढं बघितली.

"मंग येवढी मोठी गाडी कशापायी आनली?"



*

शेठनी छापील पत्रकात टाकलं होतं, ‘सागरी वाऱ्यावर पिकलेली द्राक्षं’. पाहुणे वाचून यायचे आणि समुद्र मागायचे! मग मी बंगला घाटघरला न्यायचो, नाणेघाटाच्या कड्यावर. खाली सगळं कोकण पसरलेलं, आणि त्याच्या पुढं नुसतं धुरकट.

एकदा मुंबईचे एक गृहस्थ दुर्बीण घेऊन अर्धा तास उभे. "समुद्र कुठाय?"

"ते पांढरं दिसतंय ना साहेब, त्याच्या मागं."

सरपणाची मोळी घेऊन घाटघरचे एक बाबा चालले होते. ते थांबले. "पावणं कुठलं?"

"मुंबईचे."

"आन समुद्र बघाया हिकडं आलाय?"

पाहुणे माझ्याकडं बघायला लागले. मी वाकून टायर बघायला लागलो.

*

वाइनच्या कारखान्यातले एक साहेब पाहुण्यांना चव कशी घ्यायची ते शिकवायला आमच्याबरोबर असायचे. एकदा मी त्यांची बाटली चालत्या गाडीत इंजिनाच्या झाकणावर ठेवली. दुपारी त्यांनी ती उघडली, हुंगली आणि रस्त्याच्या कडेला ओतून दिली.

"दत्तू, वाइनला गारवा लागतो. गरम जागी ठेवली की ती मेली. लक्षात ठेव!"

मी लक्षात ठेवलं. म्हणजे गाडीपुरतं ठेवलं.

*

माझे मोठे भाऊ आण्णा. निमगाव सावाला आमची खायच्या द्राक्षांची बाग होती आणि ती आण्णा बघायचे. बाग बघायला म्हणून मी बंगला तिथंच न्यायचो, म्हणजे तेवढीच घरी फेरी. आण्णांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. पाहुणे वेलीखाली बसून वाइन तोंडात घोळवायचे आणि बादलीत थुंकायचे, ते आण्णांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा साहेबांना विचारलं, "वंगाळ हाय काय?"

"नाही हो, उत्तम आहे. चव घेताना थुंकायची पद्धत आहे."

आण्णा बादलीत डोकावले. मग म्हणाले, "वरीसभर कुनीतरी बाग राखायची, आन तुमी त्याची चूळ भरायची. चांगली पद्धत हाय!"

सगळे हसले. एकट्या लेले बाई हसल्या नाहीत. लेले बाई म्हणजे पुण्याच्या निवृत्त प्राध्यापक, दर हंगामाला यायच्या. त्यांनी तोंडातला घोट गिळला आणि म्हणाल्या, "आण्णा, तुमच्या बागेची वाइन निघेल ना, ती मी थुंकणार नाही. शेवटच्या थेंबापर्यंत पिईन. शब्द!"

खायच्या द्राक्षाची धड वाइन होत नाही हे बाईंना ठाऊक नव्हतं. पण आण्णांच्या डोक्यात ते बसलं.

आणि माझ्याही. गाडीत मागं बसलेली मोठी मोठी माणसं रोज बोलायची की ह्या भागाचं भविष्य वाइनमध्ये आहे. मी पुढं बसून ऐकायचो आणि घरी जाऊन आण्णांच्या मागं लागायचो. "आण्णा, लोकं तुमच्या बागेची वाइन पित्याल! बाटलीवर गावाचं नाव येईल!" दीड वर्ष मागं लागलो. शेवटी आण्णांनी वडलांच्या हातची बाग काढली आणि वाइनची जात लावली. हे मीच केलं, दुसऱ्या कुणाचं नाव घेऊन चालणार नाही.

*

पहिला बहार आला तेव्हा आण्णांनी जीव ओतला. आमच्याकडं द्राक्ष म्हणजे मोठं पाहिजे, हे पोटात असल्यापासून माहीत. आण्णांनी घडातले मणी कात्रीनं विरळ केले. प्रत्येक घड फुगायच्या औषधात एकेक करून बुडवला. पाणी तर असं दिलं की वेली पोहायच्या बाकी होत्या. वाइनचं द्राक्ष खरं तर वाटाण्याएवढं. आण्णांनी ते बोराएवढं करून दाखवलं! आसपासच्या गावांतले बागायतदार बघायला आले.

माल कारखान्यात नेला, तर साहेबांनी मणी चिरडला, दुर्बिणीसारख्या यंत्रात साखर बघितली आणि क्रेट परत टेम्पोत ठेवायला सांगितले.

"आण्णा, ह्यात नुसतं पाणी आहे. वाइनचं द्राक्ष लहान लागतं."

आण्णा म्हणाले, "साहेब, ल्हान करायला आमाला कुनी शिकिवलंच न्हाई."

*

मग साहेब शिकवायला लागले. "पाणी तोडा. खत कमी करा. वेलीला त्रास द्या आण्णा, तितकी वाइन चांगली होते!"

आण्णा शांतपणे म्हणाले, "तरास दिऊन चांगलं व्हत आसतं, तर आमी कवाच चांगलं झालो आसतो."

तरी त्यांनी पाणी तोडलं. मी एकदा सकाळी लवकर बंगला घेऊन गेलो, तर आण्णा बादली घेऊन वेलींच्या बुडाशी तांब्या-तांब्या पाणी घालत होते. मला बघून दचकले, चोरी पकडल्यावर माणूस दचकतो तसे.

"साहेबांस्नी सांगू नगंस. सुकल्याली बघवत न्हाई रं."

त्या वर्षीचा मालही परत आला.

*

तिसऱ्या वर्षी आण्णांनी मन घट्ट केलं. माल घेतला! एक टेम्पो. आण्णा टेम्पोबरोबर कारखान्यात गेले, आपली द्राक्षं कुठल्या टाकीत पडली ते बघून आले. आठवड्यानं परत गेले आणि त्या स्टीलच्या टाकीला कान लावून उभे राहिले.

"आत बोलतंय की रं!"

पण पुढं सगळ्या टाक्या एकत्र करणार होते. बाटलीवर गावाचं नाव वगैरे काही नव्हतं, ते माझ्याच डोक्यातलं. तेव्हा पारसशेठ मध्ये पडले. जो माणूस वाइनच्या वासानं नाकाला रुमाल लावायचा, तो साहेबांच्या टेबलासमोर तासभर बसून राहिला. टाक्या मिसळायच्या आधी आण्णांच्या टाकीतून एक बाटली भरून बूच मारून द्या म्हणाला. साहेबांनी दिली. शेठनी स्वतःच्या हातानं चिठ्ठी चिकटवली: ‘निमगाव सावा. आण्णांची बाग.’

साहेब म्हणाले, "लगेच उघडू नका. जितकी जपून ठेवाल तितकी सुधारेल."

पुढच्या फेरीला मी विचारलं, "आण्णा, बाटली कुठं ठेवली?"

"बियान्यापाशी."

मी निश्चिंत झालो. आमच्या घरात बियाण्याइतकं जपून दुसरं काहीच ठेवत नाहीत.

*

पुढच्या वर्षी कारखान्यानं माल घेणंच बंद केलं. वाइन पडून आहे म्हणाले. साहेबांनी नोकरी सोडली, फोन लागेना. बारकं, बियांनी भरलेलं, जाड सालीचं द्राक्ष. आण्णांनी ते नारायणगावच्या बाजारात नेलं, तर व्यापारी म्हणाला, "आण्णा, मनुकं वाळवून आणलं व्हय?"

लोणीकडचा एक मेंढपाळ वाड्यावस्त्यांनी कळप घेऊन आला होता. आण्णांनी त्याला बोलावलं आणि बागेत मेंढरं सोडायला सांगितली. दोन दिवसांत पानं, घड, सगळं साफ. मेंढपाळ खुशीत होता. "मेंढरं लई राजी हायेत, भाऊ. ह्याची दारू व्हती म्हनं?"

आण्णा म्हणाले, "व्हनार व्हती."

मग त्यांनी वेली मुळापासून काढल्या आणि टोमॅटो लावले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

*

पाहुणेही आटले. शेठनी बंगला विकला, घेतला कुणी तर गावोगाव डोळ्यांची शिबिरं घेणाऱ्या एका ट्रस्टनं! मीच गाडी पोचवायला गेलो. पुढं एकदा ती निमगाव सावाला आली तेव्हा त्या आजी तिसऱ्या नंबरला बसल्या होत्या.

"बघ," मला म्हणाल्या, "मी तवाच म्हनलं व्हतं का न्हाई?"

*

त्यानंतर दोन वर्षांनी, काही न कळवता, लेले बाई आल्या. रिक्षा करून, काठी टेकत. योगायोगानं मी गावीच होतो.

"आण्णा, शब्द दिला होता. तुमच्या बागेची निघाली म्हणून शेठनी कळवलं होतं. मध्ये आजारी होते, यायला उशीर झाला."

आण्णांनी टोपी नीट केली. "वैनी, बाटली काढा!" असं मीच ओरडलो. वहिनी आत गेल्या, मी मागोमाग गेलो. चुलीच्या वरच्या फळीवर, बियाण्याच्या गाडग्यांच्या ओळीत, बाटली उभी होती. आमच्याकडं बियाणं चुलीवरच ठेवतात. रोज ऊब आणि धूर लागतो, म्हणून किडा लागत नाही. वहिनींनी बाटली पदरानं पुसली. "रोज पुसत व्हते," म्हणाल्या. काच हाताला कोमट लागत होती. मी लहानपणापासून ती फळी बघत आलोय.

मी बाटली बाहेर आणून उघडायला घेतली. बूच हातातच भुगा झालं. बाई बागेत ज्यातून प्यायच्या तो बंगल्यातला ग्लास आण्णांनी जपून ठेवला होता, त्यात मी ओतली. आंबट, करपट वास आला, तो बाईंनाही आला असणार.

बाईंनी ग्लास उन्हाकडं धरला. हुंगला. एक घोट घेतला. आण्णा त्यांच्या तोंडाकडं बघत होते, ओट्यावर खुंटीसारखे ताठ उभे. बाईंनी गिळला. मग दुसरा घोट. मग तिसरा. ग्लास संपला, तो त्यांनी उपडा करून दाखवला. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"आण्णा, छान झालीये हो!"

मी त्यांना रिक्षात बसवलं. परत आलो तर आण्णांनी दोन पितळी फुलपात्रांत उरलेली ओतलेली. "घे," म्हणाले. मी घोट घेतला, तसाच तोंडात धरून गोठ्यामागं गेलो आणि थुंकलो. चूळ भरून आलो तेव्हा आण्णांचं फुलपात्र रिकामं होतं.

"थुकलास?"



आण्णांनी माझं फुलपात्र उचललं, तेही पिऊन टाकलं, आणि तोंड पुसत म्हणाले, "बाई लई चांगल्या हायेत रं, दत्तू."