शुभदा मॅडमची वीस नावं

सकाळपासून शुभदाचं लक्ष कशातच नव्हतं. चहात तिनं दोनदा साखर घातली. डबा ओट्यावरच राहिला म्हणून पूनम सागर सोसायटीच्या गेटपर्यंत गेलेली परत वर आली.

अकरावीच्या मुलांनी आज दुसरी भाषा निवडायची होती. मराठी, जर्मन, फ्रेंच, जपानी. एकदा निवडली की दोन वर्षं तीच. मीरा रोडच्या त्या कॉलेजात शुभदा सतरा वर्षं मराठी शिकवत होती. चार वाजेपर्यंत वीस नावं आली नाहीत तर यंदा मराठीचा वर्ग नाही. मग शुभदाची जागाही नाही. तासापुरतं बोलावतील तेव्हा जायचं. प्राचार्यांनी हे फार गोड आवाजात सांगितलं होतं.

तिची मुलगी निशिगंधा यंदा त्याच कॉलेजात आली होती. तिच्या फॉर्मवर भाषेचा रकाना कोरा होता.

"जर्मन घेतेय म्हणे," सासूबाई म्हणाल्या. "मी जर्मनची पातेली कधीच भंगारात घातली. आता ही परत आणणार." ॲल्युमिनियमला त्या अजून जर्मनच म्हणायच्या.

"आजी, काही घेतलं नाहीये अजून," निशी म्हणाली. आईकडे तिनं बघितलं नाही.

कॉलेजच्या हॉलमध्ये दीडशे मुलं. प्रत्येक शिक्षकाला दहा मिनिटं. शुभदानं एक कविता वाचली. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतला निकेत शेजारच्याला म्हणाला, "मॅम अच्छी है यार, पर मार्क्स जर्मन में मिलते हैं." तिला ते नीट ऐकू आलं.

मग जर्मनचे यतीन सर उठले. फळ्यावर लिहिलं: डेर, डी, डास. 'डास'ला हॉल खदखदून हसला.

"हसून घ्या. तीन लिंगं आहेत. टेबल पुल्लिंगी, मुलगी नपुंसकलिंगी. इथंच सगळे घाबरतात. तीन लिंगांची दुसरी कुठली भाषा येते का कुणाला?"

शुभदा भिंतीला टेकून उभी होती. निम्मी मुलं मराठी घरातली, आणि एक हात वर नाही. शेवटी तिला राहवेना.

"अरे, मराठीत!" ती ओरडलीच. "तो मासा, ती होडी, ते जाळं!"

"मॅम, आमच्या उत्तनला पण तसंच हाय!" मागून कोळीवाड्यातली ट्रिशा म्हणाली. पुन्हा हशा.

यतीन सरांचा चेहरा उजळला. "बघा! ज्यांना मराठी येतं त्यांना जर्मन निम्मं आलंच. थँक यू, मॅडम."

शुभदाला उमगलं तोवर उशीर झाला होता. जर्मनच्या टेबलापुढची रांग दाराबाहेर गेली. ट्रिशाही त्यातच. तिनं लांबून हात हलवला, अगदी प्रेमानं.

पावणेचारला क्लार्क काशीनाथच्या यादीत मराठीची तेरा नावं होती. शुभदा खिडकीशी गेली, परत आली, पुन्हा गेली.

"मॅडम, निशीचं टाका," काशीनाथ हळूच म्हणाला. "चौदा तर चौदा. मी आत जाऊन चार दिवसांची मुदत मागतो. पण घरचीच पोरगी नाही म्हटल्यावर मी कुठल्या तोंडानं बोलू?"

निशीनं फॉर्म पुढे केला. "लिही मराठी. मला चालेल."

"चालेल म्हणजे?"

"चालेल म्हणजे चालेल, आई. सही कर ना पटकन."

"तुला काय हवंय?"

निशी फॉर्मचा कोपरा दुमडत राहिली.

"निशी."

"जर्मन," ती म्हणाली. "पण तुझं..."

शुभदानं पेन काढलं. रकान्यात स्वतःच्या हातानं 'जर्मन' लिहिलं, खाली सही केली आणि निशीला दंडाला धरून रांगेत उभं केलं. काशीनाथनं कपाळाला हात लावला.

चार वाजता त्यानं तेरा नावांखाली रेघ मारली.

"काशीनाथ, तासापुरतं यायचं तर अर्ज कुणाच्या नावे करायचा?"

ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढून त्यानं पुढे सरकवला. शुभदानं वर तारीख घातली. रांगेतून निशी तिच्याकडेच बघत होती. शुभदानं तिला हातानं खुणावलं, पुढे बघ, लाईन सरकली.